फ्रिज चालतो, पण थंड करत नाही : गॅस भरण्याआधीच्या तपासण्या

जुना फ्रिज थंड करेनासा झाला की "गॅस संपला असेल" हे वाक्य ठरल्यासारखे येते. मग गॅस भरला जातो, फ्रिज काही दिवस बरा चालतो आणि पुन्हा मूळ पदावर येतो. फ्रिजमधील गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो आणि वापराने तो खर्च होत नाही, त्यामुळे कुठेतरी गळती असल्याखेरीज तो कमी होण्याचे कारणच नसते. गळतीपेक्षा सोपी आणि बाहेरून दिसणारी निदान दहा कारणे असतात. ती एकेक करून बाजूला सारल्यानंतरच गॅसचा विचार करावा, या क्रमाने हा लेख लिहिला आहे.

क्रम जितका महत्त्वाचा, तितकाच धीरही महत्त्वाचा आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. नॉब फिरवला, जाळी झटकली, रबर पुसले आणि फ्रिज भिंतीपासून ओढला, हे सगळे एकाच दुपारी केले, तर फ्रिज सुधारला तरी कशाने सुधारला हे कळत नाही आणि महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.

तयारी

सर्वप्रथम आपला फ्रिज कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखावे. आत वरच्या बाजूला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा लहान बर्फाचा कप्पा असेल, त्याच्या भिंतींवर बर्फ साचत असेल आणि तो वितळवण्यासाठी नॉबच्या मध्यभागी बटण असेल, तर तो डायरेक्ट कूल फ्रिज होय. फ्रीझरला स्वतंत्र दार असेल, आतील भिंती कोरड्या राहत असतील आणि मागच्या पडद्यातील फटींतून पंख्याची थंड हवा येत असेल, तर तो फ्रॉस्ट-फ्री फ्रिज होय. पुढील अनेक तपासण्या या दोन प्रकारांत वेगळ्या आहेत, आणि एका प्रकारचा सल्ला दुसऱ्याला लावल्याने बराच गोंधळ होतो.

त्यानंतर फ्रिजच्या मागे किंवा आतील बाजूस चिकटवलेल्या पट्टीवरील मजकूर कागदावर उतरवून घ्यावा. तीन गोष्टी हव्यात : व्होल्टेज, विद्युतप्रवाह म्हणजे अँपिअरचा आकडा, आणि गॅसचे नाव व वजन. फार जुन्या फ्रिजमध्ये आर-१२, त्यानंतरच्यांत आर-१३४ए आणि अलीकडच्यांत आर-६००ए हा गॅस आढळतो. शेवटचा गॅस म्हणजे आयसोब्युटेन असून तो ज्वलनशील आहे.

साहित्य थोडेच लागते : दोन थर्मामीटर, पाण्याचे दोन ग्लास, टॉर्च, कागदाची पट्टी, लांब मऊ ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, जुने टॉवेल आणि शेवटच्या टप्प्यांसाठी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज व रोध मोजणारे छोटे यंत्र. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही. उणे २५ अंशांपर्यंत मोजणारा हवा.

आतील नाशवंत पदार्थ आधी दुसरीकडे हलवावेत. बंद पडलेल्या फ्रिजचे दार उघडले नाही, तर खालच्या कप्प्यातील वस्तू साधारण ४ तास सुरक्षित राहतात. पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास तग धरतो. तपासणीच्या काळात दार सतत उघडावे लागत असल्याने या आकड्यांवर विसंबू नये.

सावधान : कोणतेही झाकण किंवा पडदा काढण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. केवळ स्विच बंद करणे किंवा नॉब शून्यावर नेणे पुरेसे नाही. नॉब शून्यावर असतानाही आतील दिव्याला वीज मिळत राहते. कॉम्प्रेसरजवळ, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाजवळ, कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) असेल, तर प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावू नये.

टप्पा १ : आधी तापमान मोजावे

हात घालून "थंड वाटत नाही" असे ठरवणे ही पहिली चूक आहे. दार उघडल्यावर आतील हवा क्षणात बदलते, त्यामुळे हवेत टांगलेला थर्मामीटरही फसवतो. एक ग्लास पाणी मधल्या फळीवर ठेवून त्यात थर्मामीटर बुडवावा आणि दुसरा थर्मामीटर फ्रीझरमधील दोन गोठलेल्या वस्तूंच्या मध्ये खुपसावा. फ्रीझरमधील सर्व काही वितळले असेल, तर तेथे मिठाच्या दाट पाण्याचा ग्लास ठेवावा. नॉब मध्यावर ठेवून २४ तास फ्रिज शक्य तितका बंद ठेवावा.

निरोगी फ्रिजमध्ये पाण्याचे तापमान ३ ते ५ अंश सेल्सिअस आणि फ्रीझरचे उणे १८ अंशांच्या आसपास असते. लहान डायरेक्ट कूल फ्रिजमधील बर्फाचा कप्पा मात्र उणे ६ किंवा उणे १२ अंशांपर्यंतच जाण्यासाठी बनवलेला असू शकतो. कप्प्यावर छापलेल्या एका चांदणीचा अर्थ उणे ६, दोन चांदण्यांचा उणे १२ आणि तीन चांदण्यांचा उणे १८ असा असतो. एक चांदणीच्या कप्प्यात पदार्थ दगडासारखे गोठत नाहीत अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

दोन्ही आकडे एकत्र वाचले की अर्धे निदान होते. फ्रीझर व्यवस्थित गार आणि खालचा कप्पा मात्र उबदार असेल, तर थंडावा तयार होत आहे आणि तो खाली पोहोचत नाही. अशा वेळी टप्पा ४, ५ व ६ महत्त्वाचे आहेत. दोन्ही ठिकाणी उबदार असेल, तर थंडावाच पुरेसा तयार होत नाही आणि सर्व टप्पे क्रमाने करावे लागतील. खालचा कप्पा गार आणि फ्रीझर वितळलेला असेल, तर खोलीचे तापमान पाहावे. एकच थर्मोस्टॅट (तापमानानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) असलेल्या फ्रिजमध्ये तो बहुधा खालच्या कप्प्याचे तापमान पाहतो. खोलीच फार थंड, म्हणजे सुमारे १० अंशांखाली असेल, तर कॉम्प्रेसर क्वचितच सुरू होतो आणि फ्रीझर हळूहळू वितळतो. ही फ्रिजची खराबी नव्हे, जागा बदलावी.

टप्पा २ : "चालू आहे" म्हणजे नेमके काय चालू आहे?

या प्रश्नाचे उत्तर न शोधताच बहुतेक दुरुस्त्या सुरू होतात. दिवा लागतो म्हणून फ्रिज चालू आहे असे कोणी म्हणतो, पंख्याचा आवाज येतो म्हणून दुसरा कोणी म्हणतो. या दोन्ही गोष्टी कॉम्प्रेसर बंद असतानाही घडतात. थंडावा मात्र कॉम्प्रेसरमुळेच तयार होतो.

नॉब सर्वांत थंड खुणेवर नेऊन फ्रिजच्या मागे खाली असलेल्या काळ्या घुमटाकार डब्याजवळ कान द्यावा. लाकडी पट्टीचे एक टोक त्या डब्यावर आणि दुसरे कानाजवळ धरले, तर आवाज अधिक स्पष्ट येतो. तीनपैकी एक गोष्ट आढळेल.

पहिली, संथ आणि अखंड घरघर व बारीक कंप. कॉम्प्रेसर फिरत आहे, टप्पा ३ कडे जावे.

दुसरी, काही सेकंद जड गुणगुण, मग "टक्" असा आवाज, काही मिनिटे शांतता आणि पुन्हा तेच. कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो, पण फिरत नाही, आणि ओव्हरलोड, म्हणजे कॉम्प्रेसर जास्त तापल्यावर वीज तोडणारा संरक्षक भाग, त्याचा पुरवठा तोडतो. टप्पा ३ मधील व्होल्टेजची तपासणी करून थेट टप्पा ८ कडे जावे. दरम्यान फ्रिज बंद ठेवावा, कारण अशा प्रत्येक प्रयत्नात कॉम्प्रेसरची वाइंडिंग, म्हणजे मोटरमधील तारेची गुंडाळी, तापते.

तिसरी, पूर्ण शांतता. कारण थर्मोस्टॅट, डीफ्रॉस्ट (साचलेला बर्फ आपोआप वितळवण्याच्या यंत्रणेचा) टायमर, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा एखादी सुटलेली तार यांपैकी असते. टप्पा ६, ७ आणि ८ पाहावेत.

सावधान : कॉम्प्रेसर बंद केल्यावर किमान ५ मिनिटे पुन्हा सुरू करू नये. आतील दाब समान होण्यास आणि रिले थंड होण्यास तेवढा वेळ लागतो. तपासणीच्या घाईत प्लग घालणे-काढणे करणारे लोक धडधाकट फ्रिजमध्येही "टक्" असा आवाज निर्माण करतात आणि मग कॉम्प्रेसर गेला असे समजतात.

टप्पा ३ : बाहेरची कारणे

फ्रिज आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकण्याची वाट बुजली की कॉम्प्रेसर दिवसभर धावूनही आतील वस्तू गार होत नाहीत. मागची काळी जाळी म्हणजे कंडेन्सर. जुन्या फ्रिजमध्ये तिच्यावर धुळीची गोधडीच बसलेली असते. प्लग काढून, मऊ ब्रशने वरून खाली अशी ती साफ करावी. जाळीच्या तारा वाकवू नयेत आणि पाणी मारू नये. काही फ्रिजमध्ये कंडेन्सर तळाशी असतो व त्याला छोटा पंखा असतो, तो पंखा फिरतो की नाही तेही पाहावे. मागे जाळीच दिसत नसेल, तर नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत असतात. अशा फ्रिजचे बाजूचे पत्रे कोमट लागणे ही खराबी नसून चांगली खूण आहे.

फ्रिजच्या मागे व बाजूंना निदान ५ सेंटिमीटर आणि वर १० सेंटिमीटर मोकळी जागा असावी. शेगडी, ओव्हन किंवा थेट ऊन यांच्या शेजारी ठेवलेल्या फ्रिजकडून फार अपेक्षा करू नये.

यानंतर वीजपुरवठा. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर काढून टाकावी आणि फ्रिज थेट भिंतीतील सॉकेटला जोडावा. मल्टिमीटर वापरण्याची सवय असेल, तर त्याच सॉकेटवर कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज मोजावे. बंद असतानाचा आकडा पाहून समाधान मानणे चूक आहे, कारण सैल जोडणी भार पडल्यावरच उघडी पडते. पट्टीवरील व्होल्टेजच्या तुलनेत १० टक्क्यांहून अधिक घट दिसत असेल, तर फ्रिजला हात लावण्याआधी वायरिंग दुरुस्त करावे.

नॉबबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. दोन नॉब असलेल्या अनेक जुन्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फक्त एकच नॉब थर्मोस्टॅटचा असतो. दुसरा, बहुधा फ्रीझरमधला, हवेची झडप उघडतो किंवा मिटतो. तो "सर्वांत थंड" वर नेला की झडप मिटत जाते, थंड हवा फ्रीझरमध्येच अडकते आणि खालचा कप्पा तापतो. दोन्ही नॉब कमाल खुणेवर ठेवून फ्रिज थंड होत नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी दोन्ही मध्यावर आणावेत आणि २४ तास थांबावे.

तपासणी : सफाईनंतर फ्रिज अर्धा तास चालवावा आणि कंडेन्सरला हात लावून पाहावा. वरचा भाग चांगला गरम, मधला कोमट आणि शेवटचा खोलीपेक्षा किंचित उबदार असा उतार जाणवला, तर गॅस फिरत आहे. कॉम्प्रेसर चांगलाच तापलेला आणि कंडेन्सर मात्र सर्वत्र थंडगार असेल, तर ही नोंद टप्पा ९ साठी ठेवावी. कॉम्प्रेसरला तळहात लावू नये, भाजते.

टप्पा ४ : दार, रबर आणि दिवा

दाराच्या चारही बाजूंना कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ओढताना अडकल्यासारखी जाणीव झाली पाहिजे. ती सहज निसटत असेल, तर तेथे रबर बसत नाही. बिजागरीच्या बाजूची तपासणी हमखास राहून जाते, आणि जुन्या फ्रिजमध्ये दार खाली ओघळलेले असल्याने फट बहुधा तेथेच किंवा वरच्या कोपऱ्यात सापडते.

रबर बदलण्याआधी ते कोमट साबणपाण्याने स्वच्छ धुवावे. चिकट थरामुळेही ते बसत नाही. आखडलेले रबर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकल्यास अनेकदा मूळ आकारावर येते. फाटलेले किंवा चुंबकाची पट्टी तुटलेले रबर मात्र बदलावेच लागते. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच करून ठेवले, तर दार आपसूक मिटते.

दाराचे बटण अडकून आतील दिवा सतत जळत राहणे हे क्षुल्लक वाटणारे कारण आहे. जुन्या फ्रिजमधील १५ वॅटचा तारेचा दिवा बंद पेटीत दिवसभर जळला, तर खालचा कप्पा गार होऊच देत नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या फ्रिजमध्ये दोनदा गॅस भरून झाल्यानंतर हेच कारण निघाले, आणि ते शोधायला तीस सेकंद लागले : मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवला, दार लावले, उघडले आणि चित्रण पाहिले. दार मिटताच चित्र काळे झाले नाही, तर दिवा काढून ठेवावा आणि बटण बदलावे.

टप्पा ५ : बर्फ काय सांगतो

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. बर्फ कुठे धरतो आणि कुठे धरत नाही यावरून गॅसची स्थिती मीटरशिवाय कळते. मात्र त्यासाठी सुरुवात कोरड्या पाटीने झाली पाहिजे. जुना साचलेला बर्फ पाहून अंदाज बांधता येत नाही.

प्लग काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून, खाली टॉवेल अंथरून सर्व बर्फ वितळू द्यावा. डायरेक्ट कूल फ्रिजला काही तास पुरतात, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पडद्यामागील बर्फ दिसत नसल्याने पूर्ण २४ तास द्यावेत. घाई असेल, तर आत गरम पाण्याचे भांडे ठेवावे.

सावधान : बर्फ सुरी, उलथणे किंवा स्क्रू ड्रायव्हर यांनी खरवडू नये. बर्फाच्या कप्प्याच्या भिंतीतच गॅसच्या नळ्या असतात. सुरीचे टोक लागून "फुस्स" असा आवाज आला, की तोपर्यंत बरा होणारा फ्रिज खऱ्या अर्थाने गॅसच्या दुरुस्तीला येतो.

डायरेक्ट कूल फ्रिजचा कप्पा कोरडा पुसून फ्रिज सुरू करावा आणि एक तासाने पाहावे. कप्प्याच्या सर्व भिंतींवर पातळ, एकसारखा पांढरा थर आला, तर गॅस ठीक आहे. दोष थर्मोस्टॅट, दार किंवा वापराच्या पद्धतीत शोधावा. एकाच कोपऱ्यात किंवा सुरुवातीच्या एखाद्या पट्ट्यावरच बर्फ धरला आणि बाकीचा कप्पा ओलसर राहिला, तर गॅस कमी आहे किंवा नळी अर्धवट चोक झाली आहे. कुठेच काही नसेल आणि कॉम्प्रेसर मात्र नक्की फिरत असेल, तर गॅस गेला आहे, नळी पूर्ण चोक आहे किंवा कॉम्प्रेसर फिरूनही दाब तयार करत नाही. चौथा प्रकार फसवा आहे : सुरुवातीला सर्वत्र छान बर्फ धरतो, काही तासांनी तो वितळतो, आणि फ्रिज बंद ठेवून पुन्हा सुरू केला की पुन्हा धरतो. नळ्यांमध्ये शिरलेला ओलावा बारीक नळीच्या तोंडाशी गोठून वाट अडवतो, असा याचा अर्थ आहे. आधीच्या दुरुस्तीत व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतील हवा व ओलावा पंपाने ओढून काढणे, नीट न केल्याची ही खूण होय.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ही तपासणी फ्रीझरचा मागचा पडदा काढून करावी लागते, आणि येथे बर्फ वितळवण्याआधीही एकदा पाहणे उपयोगी ठरते. सर्व नळ्या बर्फाच्या जाड भिंतीत गाडलेल्या असतील, तर डीफ्रॉस्टची यंत्रणा बिघडली आहे. थंडावा तयार होत होता, पण हवेला वाटच उरली नव्हती. सर्व नळ्यांवर पातळ एकसारखा थर असेल, तर पंखा किंवा हवेचा मार्ग तपासावा. पहिल्या दोन-तीन वेढ्यांवरच गोळा झालेला बर्फ आणि बाकी नळ्या उघड्या, हे गॅस कमी असल्याचे लक्षण आहे. पडद्याच्या कडा आणि नळ्यांची पाती धारदार असतात, हातमोजे घालावेत.

टप्पा ६ : फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधील पंखा आणि डीफ्रॉस्ट

दार उघडताच पंखा थांबणे बहुतेक मॉडेलमध्ये अपेक्षित असते, त्यामुळे "पंखा फिरत नाही" असा निष्कर्ष उघड्या दाराने काढू नये. दाराचे बटण बोटाने दाबून धरावे आणि ऐकावे. तरीही शांतता असेल, तर प्लग काढून पाती हाताने फिरवून पाहावीत. ती बर्फात अडकलेली असतात किंवा मोटर आखडलेली असते. पंखा फिरत असूनही खाली हवा येत नसेल, तर झडप आणि हवेच्या फटी पाहाव्यात. फटींसमोर भांडी खेटून ठेवल्याने होणारा हा त्रास केवळ सामान हलवून संपतो.

पूर्ण वितळवल्यानंतर फ्रिज काही दिवस उत्तम चालला आणि मग पुन्हा तोच प्रकार झाला, तर डीफ्रॉस्टचा दोष जवळजवळ निश्चित समजावा. नेमक्या अशाच फ्रिजमध्ये गॅस भरला जातो, कारण मेकॅनिकने नेऊन आणेपर्यंत बर्फ आपोआप वितळतो, फ्रिज थंड करू लागतो आणि त्याचे श्रेय गॅसला मिळते.

या यंत्रणेत चार भाग असतात : टायमर, हीटर, बायमेटल (नळ्या थंड असतानाच हीटरला वीज जाऊ देणारा स्विच) आणि बऱ्याच मॉडेलमध्ये थर्मल फ्यूज (अति तापल्यास वीज कायमची तोडणारा भाग). जुन्या फ्रिजमधील यांत्रिक टायमर प्लग काढून स्क्रू ड्रायव्हरने सावकाश "टक्" असा आवाज येईपर्यंत फिरवावा आणि प्लग घालावा. त्या स्थितीत कॉम्प्रेसर बंद राहून, नळ्या गोठलेल्या असल्यास, हीटर तापला पाहिजे, आणि सुमारे अर्ध्या तासाने टायमर स्वतःहून पुढे सरकून कॉम्प्रेसर सुरू झाला पाहिजे. टायमर याच स्थितीत अडकून पडला, तर दिवा लागतो आणि कॉम्प्रेसर मात्र कधीच सुरू होत नाही. टप्प्या २ मधील "पूर्ण शांतता" अनेकदा याचमुळे असते.

हीटरच्या दोन टोकांत मल्टिमीटरने काही दहा ते काही शेकडो ओहम दाखवले पाहिजेत. विजेची वाट तुटलेली दिसली, तर हीटर गेला. थर्मल फ्यूज खोलीच्या तापमानालाही जोडलेला दिसला पाहिजे. बायमेटल मात्र खोलीच्या तापमानाला तुटलेलाच दिसतो, कारण तो गोठणबिंदूच्या बराच खाली गेल्यावर जोडला जातो. हे ठाऊक नसल्याने चांगले बायमेटल फेकले जातात. तो दुसऱ्या चालू फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवून लगेच तपासावा.

भाजीच्या खणाखाली पाणी साचत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. तिच्यात कोमट पाणी सावकाश ओतावे.

टप्पा ७ : थर्मोस्टॅट

डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये नॉबमधील डीफ्रॉस्टचे बटण दाबलेल्या अवस्थेत अडकले आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. अडकले असेल, तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही.

थर्मोस्टॅटमधून निघालेल्या बारीक धातूच्या नळीचे टोक बर्फाच्या कप्प्याला किंवा ठरलेल्या जागी घट्ट बसलेले असावे. ही नळी पिळवटून फुटली, की तिच्यातील वायू निघून जातो आणि थर्मोस्टॅट फ्रिज थंडच आहे असे समजून कॉम्प्रेसरला वीज देत नाही. प्लग काढून, तारांची छायाचित्रे घेऊन, मुख्य दोन तारा सोडवाव्यात. नॉब मध्यावर आणि फ्रिज उबदार असताना त्या दोन टोकांत वाट जोडलेली दिसली पाहिजे. नॉब शून्यावर नेल्यावर ती तुटली पाहिजे. थर्मोस्टॅटला तीन-चार तारा असतील आणि मुख्य दोन कोणत्या हे कळत नसेल, तर अंदाजाने तारा जोडून पाहू नयेत.

टप्पा ८ : रिले, ओव्हरलोड आणि कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसरच्या बाजूचे छोटे झाकण काढल्यावर रिले आणि ओव्हरलोड दिसतात. पीटीसी रिले, म्हणजे आत तापल्यावर रोध वाढणारी चकती असलेला रिले, असेल तर तो काढून कानाजवळ हलवावा. खुळखुळ आवाज आला किंवा जळका वास आला, तर तो बदलावा. हा स्वस्त आणि मिनिटभरात बसणारा भाग आहे, आणि "कॉम्प्रेसर जॅम झाला" असे सांगितलेल्या कित्येक फ्रिजमध्ये दोष फक्त यातच असतो. ओव्हरलोड थंड असताना जोडलेला दिसला पाहिजे.

आता कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधील रोध जोडी-जोडीने मोजावा. तीनपैकी सर्वांत मोठा आकडा इतर दोघांच्या बेरजेइतका आला पाहिजे. उदाहरणार्थ १२, २० आणि ३२ ओहम. एखादी जोडी तुटलेली दिसली, किंवा कोणत्याही पिनेपासून कॉम्प्रेसरच्या खरवडलेल्या धातूपर्यंत वाट दिसली, तर कॉम्प्रेसर गेला आहे आणि तो पुन्हा वीज देऊन पाहू नये. आकडे बरोबर, व्होल्टेज बरोबर, रिले नवा आणि तरीही गुणगुण व "टक्" हेच चालू असेल, तर तो आतून जॅम आहे.

सावधान : पिनांवरील झाकण बसवल्याशिवाय प्लग घालू नये. जुन्या कॉम्प्रेसरची पिन आतील दाबाने निखळून तेल व गॅस बाहेर फेकला जाऊ शकतो.

टप्पा ९ : आता गॅस

येथपर्यंत सर्व ठीक आढळले, कॉम्प्रेसर फिरतो, कंडेन्सर तापत नाही आणि बर्फ अर्धवट किंवा अजिबात धरत नाही, तरच गॅसचा दोष मानावा. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसला, तर गळती बहुधा तेथेच आहे. फिल्टर, म्हणजे कंडेन्सरच्या शेवटी असलेली तांब्याची जाड कांडी, चालू असताना थंड किंवा दवाने ओली लागत असेल, तर ती चोक आहे. यापुढील काम घरी करण्याचे नाही, परंतु ते कसे व्हावे हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

मेकॅनिकला गळती कुठे सापडली हे आधी विचारावे. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने ती शोधली जाते. गळती न शोधता "थोडा गॅस वाढवतो" असे म्हटले गेले, तर काम तेथेच थांबवावे. नळी कापली की फिल्टर नवा बसलाच पाहिजे. त्यानंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालला पाहिजे. जुन्या कॉम्प्रेसरनेच हवा ओढून घेणे म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. गॅस पट्टीवर लिहिलेलाच असावा आणि तेवढ्याच ग्रॅमचा, वजनकाट्यावर मोजून भरलेला असावा. आर-६००एचे प्रमाण काही दहा ग्रॅमच असते, त्यामुळे अंदाजाने भरलेले पाच-दहा ग्रॅमही फरक पाडतात. हा गॅस दुसऱ्या गॅससाठी बनवलेल्या फ्रिजमध्ये भरू देऊ नये, कारण तेथील स्विच व रिले ठिणगीपासून सुरक्षित केलेले नसतात. नळीला टोचून बसवलेला तात्पुरता व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर काही महिन्यांनी तोच नवी गळती होतो.

गळती फोमच्या आतील भिंतीत असेल, किंवा कॉम्प्रेसर आणि गॅस दोन्ही लागणार असतील आणि पत्रा गंजलेला असेल, तर मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. रिले, रबर, हीटर, पंखा किंवा थर्मोस्टॅट यांच्यासाठी मात्र पंधरा-वीस वर्षांचा फ्रिजही दुरुस्त करण्याजोगा आहे.

दुरुस्ती कोणतीही असो, फ्रिज लगेच भरू नये. टप्पा १ मधील पाण्याचे ग्लास पुन्हा ठेवावेत, २४ तासांनी दोन्ही तापमाने जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहावीत, आणि डीफ्रॉस्टची दुरुस्ती असेल तर आणखी दोन आठवडे रोज एक नोंद घ्यावी. तोपर्यंत काढलेले जुने भाग आणि तारांची छायाचित्रे जपून ठेवावीत.